सुरी कोणत्या पोलादाची घ्यावी आणि म्यान कशाचं असावं

सुरी कामात असताना सहसा गंजत नाही, गंजते ती म्यानात. नवखा माणूस मात्र पोलादाचे आकडे वाचत बसतो आणि म्यान जे सोबत येईल ते घेतो. मग आषाढात धुऱ्यावरून भिजत घरी येतो, ओल्या कातडी म्यानात सुरी खोचून खुंटीला टांगतो, आणि पोळ्याच्या सुमारास काढून पाहतो तर पात्यावर तांबडे डाग. शिव्या पोलादाला बसतात. म्हणून इथे पात्याइतकंच म्यानाबद्दलही लिहिलं आहे. दोन्ही जोडीनं निवडायचं आणि निवडताना आपल्याकडचा पाऊस, आपलं ऊन आणि आपलं काम लक्षात घ्यायचं.

बोलणं फक्त न मिटणाऱ्या सुरीबद्दल आहे. घडीच्या चाकूचं शास्त्र वेगळं.

आधी काम, मग लांबी

वावरातली सुरी दिवसभरात काय काय कापते ते आठवा. खताच्या गोणीची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, बैलाच्या शिंगात गुंतलेला कासरा, संत्र्याची एखादी वाळकी काडी, दुपारच्या भाकरीसोबतचा कांदा, आणि रोडग्यांचा बेत असला की वांगी. यातल्या एकाही कामाला दहा इंची पातं लागत नाही. चार इंच, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर पातं आणि अडीच-तीन मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. पऱ्हाटी तोडायला, बांबू फाडायला, बोरीच्या काट्या छाटायला विळा, कोयता आणि कुऱ्हाड घरात आहेतच. ती कामं सुरीवर ढकलली की सुरी जाड घ्यावी लागते, आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या सुरीनं कांदा चिरत नाही, फुटतो.

ऑनलाइन दिसणाऱ्या सुऱ्यांपैकी ज्यांच्या पाठीला करवतीचे दात आणि मुठीत होकायंत्र असतं त्या सरळ सोडून द्या. त्या दातांनी तुराटीही नीट कापली जात नाही. सुरी आत-बाहेर करताना म्यान मात्र आतून किसलं जातं. पोकळ मुठीची सुरी जोराच्या कामात मुठीपाशीच मोडते. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्यांमधून त्याची कडा दिसावी, आणि फळ्या निदान दोन-तीन रिबिटांनी धरलेल्या असाव्यात.

लांबी ठरवताना कायदाही पाहावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं वेगळ्या वर्गात घातली आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे विळा-कोयता घेऊन वावरात जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. पण कमरेला सुरी लावून आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर फिरू नका. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा लहान सुरीही अंगाशी येऊ शकते. जंगलाच्या बाबतीत नियम आणखी स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकू-सुऱ्याही येतात. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. ताडोबा, मेळघाट, नागझिरा, टिपेश्वर पाहायला निघालात तर सुरी घरी ठेवून जा.

पोलादाची ओळख

लोखंडात कार्बन किती, यावर सगळं उभं आहे. ०.३ टक्क्यांच्या खाली कार्बन असेल तर ते लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवा, सुरीला हवा तसा कडकपणा त्यात येत नाही. खिडकीचे गज, अँगल, पत्रा हे सगळं याच जातीचं. सुरीला साधारण अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत कार्बन लागतो. त्यात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम मिसळलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. ते गंजतच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते उशिरा गंजतं, एवढंच. कडकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. कामाची सुरी सहसा ५६ ते ६० च्या दरम्यान असते. कोयता यापेक्षा मुद्दाम मऊ ठेवतात, कारण तो फांदीवर आपटायचा असतो.

आता प्रत्यक्षात काय मिळतं ते पाहू.

गावात सहज मिळणारं सगळ्यात चांगलं पोलाद म्हणजे कमानपाटा. ट्रकचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जुना पाटा लोहाराकडे पडलेलाच असतो. त्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडं क्रोमियम असतं. कारखान्याच्या भाषेत ई एन-४५, एस यू पी-९, अमेरिकेत ५१६०, ही सगळी याच कुळातली नावं. हे पोलाद चिवट असतं. धार फार दिवस टिकत नाही, पण तुकडाही सहसा उडत नाही आणि साध्या सहाणेवर पाच मिनिटांत पुन्हा लागते. नवख्यानं पहिली सुरी याचीच करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच सांभाळायचं: वर्षानुवर्षं खड्ड्यांत वाकून जुन्या पाट्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. मोडलेल्या जागेच्या जवळचा किंवा भोकाच्या आसपासचा तुकडा घेऊ नका.

बेअरिंगचं पोलाद, ई एन-३१ किंवा ५२१००, एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचं. धार पाट्यापेक्षा बरीच टिकते, बारीक कापायला सुरेख. पण त्याला पाणी देणं, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करणं, हे जाणकाराचं काम आहे, आणि गंजण्यात ते पाट्याचा भाऊच. १०७५, १०८४, १०९५ ही सरळ कार्बन पोलादं. शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के. यातल्या १०७५ आणि १०८४ ला पाणी देणं सोपं, म्हणून हौशी कारागिरांची सुरुवात त्यांच्यापासून होते.

जुन्या कानशीची सुरी लोहार आनंदानं करून देतो. कानस एक टक्का किंवा त्याहून जास्त कार्बनची असते, त्यामुळे धार जबर लागते, पण कडकपणा नीट उतरवला नाही तर दगडावर पडून सुरीचे दोन तुकडे होतात. शिवाय स्वस्त कानशी वरून कडक आणि आतून मऊ अशाही येतात. त्या घासून सुरी केली की कडक थर निघून जातो आणि हातात साधं लोखंड उरतं.

डी-२ हे मुळात कारखान्यातल्या डायचं, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याच्या साच्याचं पोलाद. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. आकड्यानं ते स्टेनलेस वाटतं, पण क्रोमियमचा मोठा भाग कार्बनशी बांधला गेल्यामुळे गंज रोखायला थोडाच उरतो. धार महिनोन्महिने टिकते, आणि गेली की परत लावताना घाम काढते. रोजचं काम सुतळी, पुठ्ठा आणि गोणी असेल तर डी-२ उत्तम. खडकावर, हाडावर, खिळ्यावर आपटणाऱ्यानं मात्र घेऊ नये, कारण त्याच्या धारेचे कपचे उडतात.

स्टेनलेसमध्ये ४२० म्हणजे स्वस्तातलं, मऊ, पण गंजायला चिवट. ४४० सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि सतरा टक्के क्रोमियम; जुनं, भरवशाचं. स्वीडनचं १२ सी २७ बारीक कणांचं, लवकर धार घेणारं, पावसाळ्यात निश्चिंत. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलं आहे आणि पुढे जातीचं नाव नाही, अशी सुरी भाजी चिरण्यापुरती समजा. याहून महाग पावडर पोलादं, म्हणजे धातूच्या भुकटीपासून केलेली, येतात, एस-३० व्ही, मॅग्नाकट वगैरे. ती वाईट नाहीत, पण त्यांच्यातले व्हॅनेडियमचे कण आपल्या घरातल्या दगडाला दाद देत नाहीत. हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नावापेक्षा पाणी महत्त्वाचं

एकाच पाट्याच्या दोन सुऱ्या, दोन लोहारांनी केलेल्या. एक दोन वर्षं साथ देते आणि दुसरी पहिल्याच गोणीला मुडपते. फरक पाणी देण्यात असतो. ते काम एकदा भट्टीशी उभं राहून बघाच.

चांगला लोहार भट्टी सावलीत मांडतो. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. भात्याच्या वाऱ्यावर पातं लाल होत जातं, आणि तो मधूनमधून ते बाहेर काढून चुंबकाला लावून बघतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या किंचित पुढे गेलं की एका झटक्यात पातं तेलात. धूर, चरचर, आणि बाहेर येतं ते काळं, काचेसारखं ठिसूळ पातं. ते या अवस्थेत वापरायचं नसतं. आता तो विटेच्या तुकड्यानं एक बाजू घासून चकचकीत करतो आणि पाठीकडून हळूहळू ऊब देतो. चकचकीत पट्टीवर रंग सरकत येतात: आधी फिकट पिवळा, तो २२० अंशांच्या आसपास, मग तपकिरी, २५५ ते २६५, मग जांभळा, २८०, आणि ३०० च्या पुढे निळा. धारेवर गडद पिवळा पोचला की सुरी थंड करायची. पाठीकडे निळा राहिला तर उत्तम, पाठ तेवढी चिवट राहते.

लोहाराला सांगायचं ते एवढंच: पाट्याला पाण्याऐवजी तेलात बुडव, आणि धारेवर निळा येऊ देऊ नको. वापरलेलं इंजिन ऑइल बरेच जण घेतात, पण त्याचा धूर वाईट असतो; साधं खायचं तेल थोडं गरम करून वापरलं तरी काम होतं. घरी ओव्हन असेल तर बुडवलेलं पातं २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवा. रंगांवर नजर ठेवण्यापेक्षा हे खात्रीचं. जुने कारागीर यावर हसतील. “भाऊ, पोलाद चांगलंच हाये, पन पानी जास्त झालं तिले,” एवढं एका नजरेत सांगणारा लोहार गावात असेल तर ओव्हनची गरजही नाही.

घेताना काय पाहायचं

चुंबक लावा. सुरीचं पोलाद, कार्बनचं असो की स्टेनलेस, सहसा चुंबकाला चिकटतं. अजिबात न चिकटणारं चकाकतं पातं म्हणजे बहुतेक भांड्यांच्या जातीचं स्टील, त्याला पाणी देऊन कडकपणा येतच नाही.

कानस फिरवा. धारेजवळ हलक्या हातानं कानस टेकवली की ती घसरली पाहिजे. चावली आणि बुकटी निघाली तर पातं मऊ. दुकानदार हे करू देत नाही. लोहार करू देतो, किंबहुना स्वतःच करून दाखवतो.

लोहाराकडे ग्राइंडर असेल तर न घडवलेल्या तुकड्याच्या ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या. कार्बन जास्त तसा प्रत्येक रेषेच्या टोकाला फुलबाजीसारखा फुटवा दाट. डोळ्यांना चष्मा लावूनच.

शेवटची परीक्षा वाळल्या बांबूवर. हातभर तुकड्यावर आठ-दहा घाव घाला, मग धार उजेडाकडे वळवून पाहा. जिथे प्रकाशाचा ठिपका चमकतो तिथे धार मुडपली आहे किंवा तुकडा गेला आहे. मुडपणं म्हणजे पातं मऊ, तुकडा जाणं म्हणजे ठिसूळ. मुडपलेली धार दगडावर सुधारते. तुकडा गेलेली सुरी परत द्या.

धार लावणं

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला विळा द्या, पावशी द्या, पण चांगली सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर धारेची बारीक कड क्षणात तापते. निळा डाग उमटला की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, आणि तो भाग घासून काढल्याशिवाय इलाज नाही. घरी दोन बाजूंचा दगड ठेवा, एक जाड आणि एक बारीक. दगड ओला ठेवून पातं प्रत्येक बाजूनं साधारण २० अंशांवर टेकवायचं. जाड बाजूवर एका कडेनं घासत राहा, दुसऱ्या कडेला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत. मग बाजू बदला, मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-वीस हात. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापता आला की झालं. केस काढून दाखवणारी धार गोणीच्या शिवणीला लागत नाही.

म्यान

म्यानानं तीन कामं करायची असतात: माणसाला पात्यापासून वाचवणं, सुरी पडू न देणं, आणि पातं कोरडं ठेवणं. दुकानातलं म्यान सहसा पहिलं बरं करतं, दुसरं कसंबसं, आणि तिसऱ्याचा विचारच केलेला नसतो.

कातडं. दिसायला देखणं, आवाज नाही, पात्याला ओरखडा नाही. म्हशीचं जाड कातडं आपल्याकडे मिळतं, आणि चांगला चांभार दोन सुयांच्या शिवणीनं ते पिढीभर टिकेल असं शिवतो. दोन पदरांच्या मध्ये धारेच्या बाजूला कातड्याचीच एक जाड पट्टी घालायला सांगा. ती नसेल तर प्रत्येक वेळी सुरी ठेवताना धार दोऱ्यावर चालते आणि एक दिवस म्यान उघडं पडतं. कातडं सालीत कमावलेलं घ्या. बाभळीच्या सालीचा वापर आपल्याकडे जुनाच. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं कातडं मऊ आणि स्वस्त असतं, पण ओल आली की त्याच्यातले क्षार पात्याला जास्त लवकर खातात. साल असो की क्रोम, कातडं पाणी पितं आणि दिवसेंदिवस सोडत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे, रोवणीच्या दिवसांत बांध्यांत गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्यानं कातडी म्यान वापरूच नये. बुलढाणा-अकोल्याकडे पाऊस त्यामानानं बराच कमी, तिथे ते चालून जातं.

उन्हाळ्यात उलटी कथा. चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे गेला आणि हवा कोरडी पडली की कातडं कडक होऊन घडीवर तडकतं. म्हणून चैत्रात एकदा, पावसाळ्याआधी एकदा, मेण थोड्या तेलात वितळवून कोमट असताना चोळा. हातानं चोळून उरेल तेवढं पुसून काढा. तेलात भिजवलेलं म्यान लोंबतं आणि सुरी धरत नाही.

नायलॉन. स्वस्त सुरीसोबत हेच येतं. कातड्यापेक्षा लवकर वाळतं, पण आत प्लास्टिकची पट्टी नसेल तर टोक महिन्याभरात बाहेर येतं. आणि कार्तिकात गवतातून चाललात की त्यावर इतकी कुसळं बसतात की संध्याकाळी उपटत बसावं लागतं. चार-सहा महिन्यांची सोय म्हणून ठीक.

कायडेक्स. अॅक्रिलिक आणि पीव्हीसीचं घट्ट प्लास्टिक. तापवून पात्याभोवती दाबलं की त्याच आकाराचं होतं आणि सुरी टक्कन बसते. पाणी पीत नाही, चिखल लागला तर नळाखाली धरा. दोन तोटे आहेत. आत वाळूचा कण अडकला की दर वेळी पात्यावर रेघ उमटते; आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवलं तर आपल्या मे महिन्यात ते नरम पडून पकड सुटू शकते.

पीव्हीसीचा पाइप. कायडेक्सचा हा गावठी भाऊ घरी होतो, आणि तो मला सगळ्यात जास्त पटतो. ओलिताच्या पाइपाचा तुकडा कुठल्याही वावरात पडलेला असतो. तीन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याला ४० मिलिमीटरचा पातळ पाइप पुरतो. चपटा केल्यावर तो सहा सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. पात्यापेक्षा चार सेंटिमीटर लांब तुकडा कापा. पात्याला दोन पदरी कागद आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे म्यानात तेवढी मोकळीक राहील. मोठ्या पातेल्यात पाणी उकळवा आणि तुकडा चिमट्यानं धरून दोन-तीन मिनिटं आत ठेवा. तो कातड्यासारखा लवचीक झाला की हातमोजे घालून बाहेर काढा, पातं आत सरकवा, दोन फळ्यांमध्ये घडी केलेल्या जाड फडक्यासह ठेवून वर उभे राहा. थंड व्हायला पाच मिनिटं. पकड सैल वाटली तर तोंडाजवळचा भाग पुन्हा गरम पाण्यात बुडवून दाबा. मग टोकाशी पाणी निघायला एक भोक, आणि बाजूच्या मोकळ्या कडांना रिबिटं मारून पट्ट्याची वादी. जाळावर किंवा स्टोव्हवर पाइप धरू नका. जळालेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो फुप्फुसाला आणि लोखंडाला दोघांनाही वाईट. उन्हात हा पाइप काही वर्षांनी ठिसूळ होतो. झाला की दुसरा तुकडा.

लाकूड. सागाच्या दोन फळ्या आतून कोरून चिकटवलेलं म्यान घरी ठेवायच्या सुरीसाठी फार चांगलं. सागात तेलकटपणा असल्यानं लोखंड त्याच्या सहवासात कमी गंजतं. सुताराकडच्या उरलेल्या फळकुटात भागतं, त्यासाठी जंगलाकडे पाहायची गरज नाही. कोकणात कोयत्याला कमरेमागे लाकडी आकडी लावतात. मोठ्या पात्यासाठी ती रचना उचलण्यासारखी आहे, पण धार उघडी राहते, त्यामुळे मोटारसायकलवर नाही.

म्यान कोणतंही असो, दोन चाचण्या करा. सुरी आत घालून म्यान उलटं धरा आणि जोरानं झटका द्या. पडली तर पकड कमी. मग कमरेला लावून बैलगाडीत, खाटेवर, गाडीच्या सीटवर बसून बघा. मूठ बरगडीत घुसत असेल किंवा टोक मांडीत टोचत असेल तर वादी लांब करून म्यान खाली उतरवा. संत्र्याच्या झाडावर चढणाऱ्यानं सुरी पाठीमागे मधोमध कधीच लावू नये, पडलात तर ती मणक्याखाली येते.

जोडी कशी लावायची

भातपट्ट्यात आणि मासेमारीत १२ सी २७ किंवा ४२० जातीचं स्टेनलेस, सोबत प्लास्टिकचं किंवा पाइपाचं म्यान. कापूस-तुरीच्या कोरडवाहू वावरात पाट्याची सुरी, आठ महिने कातड्यात आणि मृगापासून पाइपात. संत्र्याच्या बागेत, चिंचा-कैऱ्या फोडणाऱ्या घरात कार्बनचं पातं आंबटानं काळं पडतं. तो काळा-निळा थर गंज नव्हे, उलट तांबड्या गंजाला थोडा अटकाव करतो. तो घासून चकचकीत करायच्या मागे लागू नका. फळाला लोखंडी वास लागतो हे खरं, ते नको असेल तर स्टेनलेस घ्या.

पावसाळ्यात संध्याकाळी सुरी पुसा, चुलीपासून जरा दूर वाळू द्या, आणि तेलाचं बोट फिरवा. खाण्याच्या वस्तू कापत असाल तर खोबरेल तेल बरं, ते लवकर चिकट होत नाही. जवसाचं तेल पात्याला लावू नका, वाळून त्याचा चिकट थर बसतो. मुठीच्या लाकडाला मात्र तेच उत्तम. मे महिन्यात लाकूड आकसून रिबिटं वर आलेली बोटाला लागतात, पावसात ते पुन्हा फुगतं. जवसाचे दोन-तीन हात दिले की हा खेळ कमी होतो. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

महिनाभर लागणार नसेल तर सुरी म्यानातून बाहेर काढून, तेल लावून, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, आणि म्यान वेगळं टांगा. तरीही डाग दिसलाच तर बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासा. नख फिरवल्यावर खड्डा लागत नसेल तर डाग वरचाच होता. खड्डा धारेवरच असेल तर दगडावर तेवढी धार मागे नेल्याशिवाय ती जागा कापणार नाही, आणि तेव्हा लोहाराकडे जाण्यापेक्षा जाड दगडावर एक दुपार घालवलेली बरी.